निरशा दुधाचा ताप

माझा आजार मेंढरांकडून आला, हे मी पहिल्यांदा बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बायका हसल्या. एकीनं तर विचारलं, "मग आता तू लेंड्या टाकनार व्हय गं?" मीही हसले, कारण तोवर मला हसण्याइतकी ताकद आली होती. पण हसणाऱ्यांतल्या निम्म्या जणींच्या दारात शेळ्या बांधलेल्या आहेत आणि त्या निरसं दूध, म्हणजे न तापवलेलं दूध, आवडीनं पितात हे मला माहीत होतं. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. दहावी झालेली, मेंढरांत वाढलेली बाई आहे. जे अंगावर आलं तेवढंच सांगते.

आमचं गाव आटपाडीकडचं, माळावरचं. सासरे होते तोवर आमची मेंढरं दिवाळी झाली की कृष्णाकाठाला उतरायची. आता पाटाचं पाणी आलं, आम्ही थोडं डाळिंब लावलं आणि मेंढरं आसपासच्या शिवारात फिरू लागली. घरात आमचे मालक, त्यांची आई म्हणजे माझ्या आत्ती, आणि मी. मुलगा शिरवळला कंपनीत आहे. त्याची बायको पूजा कोरेगावची. तिच्या माहेरी मेंढरू दिसतं ते फक्त जत्रेतल्या ताटात.

ताप येतो, ताप जातो

त्या हिवाळ्यात आमच्या मेंढ्या गाभडायला लागल्या. दिवस भरायच्या आधीच कोकरू पडायचं, मेलेलं. आधी एक, मग दुसरी, मग आठवड्याला एखादी ठरलेलीच. आत्तींनी कुणाची तरी नजर लागली म्हणून लिंबू उतरवलं, मेंढरं कोंडायच्या जाळीला, म्हणजे वाघरीला, काळा दोरा बांधला. मी माझं काम करत होते. अडलेली मेंढी सोडवायची, वार ओढून काढायची, कोकरू गार पडलेलं असलं तर त्याच्या नाकात तोंडानं फुंकर मारायची. हे काम मी लहानपणापासून करत आले, आणि माझ्या हाताला यश आहे असं गावात म्हणतात. काम झालं की मातीनं हात चोळायचे, पाण्यात बुचकळायचे आणि भाकरीला बसायचं. आमच्याकडे सगळे असंच करतात.

संक्रांतीनंतर मला ताप यायला लागला. तो दिवसा नसायचाच. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला हुडहुडी भरायची, नंतर इतका घाम यायचा की अंथरूण पिळून काढावं. सकाळी उठले की ताप गायब, पण अंगात जीव नाही. आठ-दहा दिवस असं चालायचं आणि मग ताप आपोआप निघून जायचा. मी म्हणायचे, चला, सुटले. की पुन्हा हजर. पाहुण्यानं पिशवी उचलावी आणि दारातून परत फिरावं, तसा तो ताप होता.

गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्यांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. मग कंबर धरली. बसलं तर उठता येईना, उठलं तर चालता येईना. माझा भाऊ माण तालुक्यातला, तो येऊन मला साताऱ्याला घेऊन गेला. तिथं मणक्याचा टीबी असावा असं म्हणाले, पण तपासणीत तसं काही निघेना. कुणाची चूक काढत नाही मी. या आजाराचं सोंगच असं आहे की तो दर वेळी दुसऱ्याचा मुखवटा लावून येतो.

मला खरी भीती वाटली ती माणसांच्या नजरेची. ज्या दुखण्याला नाव नाही त्याला गाव आपल्या पदरचं नाव देतं. कुणी म्हणालं करणी, कुणी आवाज खाली आणून म्हणालं मोठा आजार. शेजारणी उंबऱ्याच्या बाहेरूनच चौकशी करायला लागल्या. मी अंथरुणावर पडून सगळं ऐकत होते. मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

आत्तींचा पेला

आत्तींनी मात्र मला एकटं सोडलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. सत्तरीची बाई, गुडघे दुखत असताना रोज पहाटे उठून शेळीची धार काढायची आणि फेसाळ पेला माझ्या तोंडाला लावायची.

"पी गं. शेळी माळावरचा समदा पाला खाती. तिच्या दुदात समदी औशिदं आसत्यात."

दूध तापवलं की त्यातला जोर जातो, आणि नव्या व्यालेल्या शेळीचं दूध तापवलं की तिची कास करपते, असं त्या मानायच्या. त्यांच्या सासूनं त्यांना हेच सांगितलेलं. मी तरी कुठं वेगळं मानत होते? डोळे मिटून पीत होते. ताप हटेना म्हणून त्यांनी पेला मोठा केला.

मी पडून राहिले म्हणून पूजा शिरवळहून घर सांभाळायला आली. तिला तेव्हा पाचवा महिना चालू होता. मी नको म्हणत होते, पण पोरगी हौशी. आल्या आल्या पदर खोचून मेंढरांच्या वाड्यात शिरली. "आई, मला बी शिकवा मेंढरू सोडवायचं," म्हणाली. मला लय बरं वाटलं. म्हटलं, आपलं कसब कुणीतरी घेतंय.

मिरजेच्या मॅडम

शेवटी मालकांनी मला मिरजेला नेलं. तिथल्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आधीच्या कागदांची चवड बाजूला सारली आणि माझ्याकडं बघून विचारलं,

"घरी जनावरं कोणती आहेत?"

"मेंढरं हायत. चार शेळ्या हायत."

"यंदा कुणी गाभडली का?"

मी दचकले. इतके महिने सगळ्यांनी माझी विचारपूस केली होती, मेंढरांची कुणीच केली नव्हती. मॅडम मूळच्या जतकडच्या, मेंढरांच्याच मुलखातल्या निघाल्या. म्हटलं, "व्हय, बऱ्याच गाभडल्या."

"ते काढायचं काम कोण करतं?"

"म्याच."

"तेव्हा हातात काय घालता?"

"बांगड्या," मी म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. मालकही हसले. मग त्यांनी दुधाचं विचारलं. शेळीचं पिते म्हटल्यावर, तापवून का, असा पुढचा प्रश्न आला.

"तापवल्यावर त्यात काय ऱ्हातं मॅडम?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या अंगात जे शिरलंय ना, तेच राहत नाही."

रक्त तपासलं आणि नाव निघालं. ब्रुसेलोसिस. मेंढ्या ज्या जंतूनं गाभडत होत्या, तोच माझ्या अंगात शिरला होता. माझ्या उघड्या हातांवरच्या चिरांतून, त्या फुंकरीतून, आणि रोजच्या पेल्यातून. मॅडम म्हणाल्या, औषधं बरेच आठवडे घ्यावी लागतील, मध्ये एक दिवसही सोडायची नाहीत, पण तुम्ही बऱ्या होणार. शेजारी बसल्यानं, भांडं वापरल्यानं हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही त्यांनी मालकांना बजावून सांगितलं.

त्या दिवशी मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटत नाही. दुखण्याला नाव मिळालं की ते निम्मं हातात येतं. करणी नाही, मोठा आजार नाही, वेडही नाही. मी मालकांना म्हटलं, चहा पाजा.

उठता उठता मॅडमनी विचारलं, "घरात ते दूध आणखी कोण पितं? गरोदर कुणी आहे का?"

माझा आनंद तिथंच संपला. गरोदर बाईला हा ताप झाला तर पोटातल्या बाळालाही धोका असतो, असं त्या म्हणाल्या. पूजाला लवकर घेऊन या, तोवर ते दूध बंद, आणि मेंढ्यांच्या बाळंतपणात तिनं हात घालायचा नाही.

वॉर्डातले दिवस

मला दवाखान्यात ठेवून घेतलं. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी फिनेलचा वास घेऊन यायच्या, मग थर्मामीटर, मग सुई, मग गोळ्या. एका गोळीनं लघवी नारिंगी व्हायला लागली. मी घाबरून सिस्टरला बोलावलं तर ती म्हणाली, "औषधाचा रंग आहे तो. आजी, रंगपंचमी समजा." आजी म्हटल्याचा मला जास्त राग आला.

शेजारच्या खाटेवर तासगावच्या एक बाई होत्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या. त्यांच्या घरी बेदाण्याची शेड. उशाशी बेदाण्यांची पिशवी घेऊनच आल्या होत्या. मला जेवण जात नव्हतं. त्या बोलता बोलता चार-चार बेदाणे माझ्या हातावर ठेवायच्या, आणि बोलण्याच्या नादात माझी मूठ संपलेली असायची. तेवढ्यावर मी ते पहिले दिवस काढले.

मालकांनी मात्र बाहेरच्या कट्ट्यावर मला गाठून सांगितलं, "ह्ये गावात बोलू नगंस. मेंढरं आजारी म्हटल्यावर कोन आपल्याला शेतात बसू दील?"

त्यांचंही बरोबर होतं. खतासाठी शेतकरी रात्रभर मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात, त्या बदल्यात धान्य देतात. आमचं निम्मं घर त्यावर चालतं. मी म्हटलं, गावाला नका सांगू, पण घरात तर सांगा. पूजाला दूध देऊ नका म्हणून आत्तींना सांगा. "सांगतो," म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी पूजाला फोन केला.

"दूध पीत न्हाईस न्हवं?"

"पिते की आई. आज्जी रोज सकाळी देत्यात. तुमी पडलाय तर माज्या अंगात ताकद पायजे म्हनत्यात."

मालकांनी आईला काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना आईपुढं बोलवत नाही; पन्नाशीचा माणूस, पण आईसमोर अजून मान खाली. मी पूजाला म्हटलं, आजपासून एक थेंब पिऊ नकोस.

"आज्जी म्होरं बसून पाजत्यात. वतू कुटं?"

नव्या सुनेनं आजेसासूचा पेला परत कसा करायचा? मी तिच्या जागी असते तर मीही प्यायलेच असते. म्हटलं, आत्तींना फोन दे.

"आत्ती, त्या दुदानंच मला ताप आलाय. डॉक्टरनी सांगितलंय. पूजाला देऊ नगा."

पलीकडं भांडं आदळल्याचा आवाज आला.

"माज्या हातचं दूद आन इख?" आत्ती म्हणाल्या. "तुजा न्हवरा ह्याच दुदावर वाडलाय." आणि फोन ठेवला.

त्या रात्रीएवढी मी माझ्या आजारानंही घाबरले नव्हते. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, त्याला औषध होतं. पण पूजाच्या पोटातलं मूल रोज सकाळी त्या पेल्यासमोर बसत होतं आणि मी मिरजेत खाटेवर बेदाणे खात होते. सकाळी मॅडमना म्हटलं, मला घरी जायचंय. त्या नको म्हणाल्या. मी कारण सांगितलं. मग त्यांनी उरलेल्या सुया आमच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात घ्यायची सोय करून दिली आणि मला सोडलं.

चूल

घरी पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी, काठी टेकत. आत्ती नुकतीच धार काढून आत आल्या होत्या. पेला पूजाच्या हातात होता. मी तो तिच्या हातातून घेतला, पातेल्यात ओतला आणि पातेलं चुलीवर ठेवलं.

"कास करपंल तिची," आत्ती म्हणाल्या.

मी चुलीत आणखी एक काटकी सारली. "करपू द्या आत्ती. शेळीची कास करपली तर दुसरी शेळी आनता यील. पूजाच्या पोटातलं गेलं तर त्ये मी कुटनं आनू?"

मला वाटलं आता शिव्या देतील. पण त्या खाली बसल्या आणि चुलीतलं लाकूड नुसतंच आत-बाहेर करत राहिल्या. दूध वर आलं. ते उतू जायच्या आत पूजानं पातेलं उतरवलं.

दुसरं भांडण मालकांशी. गाभडलेल्या मेंढ्या त्यांना शनिवारच्या आटपाडीच्या बाजारात विकायच्या होत्या. मी म्हटलं, आपली पीडा दुसऱ्याच्या वाड्यात का घालायची? ते म्हणाले, "समदं तसंच करत्यात. आपल्याकडं बी आशीच कुनाची तरी आली आसंल." त्यात खोटं काही नव्हतं. आजार असाच या बाजारातून त्या बाजारात फिरतो. पण माझ्यात भांडायचं बळ एकाच गोष्टीपुरतं होतं, आणि ती पूजा होती. मी म्हटलं, आधी मिरजेला जाऊ.

आत्तींना मी संगं चला म्हटलं. येतील असं वाटलं नव्हतं. पण त्या लुगडं बदलून तयार बसल्या होत्या.

आत्तींचा प्रश्न

मॅडमनी पूजाचं रक्त घेतलं, आत्तींचंही घेतलं. निकाल ऐकायला आम्ही तिघी परत गेलो त्या दिवशी मी देवाचं नाव घेतलं नाही. देवाला मधे घातलं की मला जास्त भीती वाटते. पूजाचा हात धरून बसले होते आणि तिचा हात माझ्यापेक्षा गरम लागत होता, म्हणून सारखी तिच्या कपाळाला हात लावत होते.

पूजाचं रक्त स्वच्छ निघालं. पुन्हा एकदा तपासायला सांगितलं, ती तपासणीही पुढं चांगलीच निघाली.

आत्तींच्या रक्तात मात्र आजार होता. जुना असावा, मॅडम म्हणाल्या. त्यांचे गुडघे, त्यांची कंबर, अधूनमधून येणारी कणकण, त्यातलं किती वयाचं आणि किती या जंतूचं ते बघावं लागेल, पण औषध सुरू करू.

आत्तींनी औषधाचं काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "बाई, ह्या रोगानं पोटातलं पडतं?"

"पडू शकतं."

"लय वर्सांमागं बी?"

"आजी, तेव्हाचं आता कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. पण होऊ शकतं."

एसटीत आत्ती खिडकीशी बसल्या. मिरज मागं पडली. मग बाहेर बघतच मला म्हणाल्या, "तुज्या न्हवऱ्याच्या आदी माजी तीन पडली. सासू म्हनायची, हिच्या पायगुनानं मेंढ्या बी गाभडत्यात. आन दर खेपंला ताकद यावी म्हनून मला निरसं दूद पाजायची. लय मायेनं पाजायची."

एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मालकांनाही माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि एसटीत सगळ्यांदेखत रडले. आत्ती रडल्या नाहीत.

घरी पोचलो तर दारात टेम्पो उभा. मालकांनी मेंढ्या चढवायला घेतल्या होत्या. आत्ती पिशवी खाली न ठेवताच टेम्पोपाशी गेल्या.

"उतरीव त्या."

"आये, समदीच इकत्यात."

"इकू देत. घेनाऱ्याच्या घरात बी कुनाची तरी सून आसंल. उतरीव."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी आत्तींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि सोमवारी जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना स्वतः जाऊन घेऊन आले. आजारी मेंढ्या वेगळ्या झाल्या. गावात कळलंच. एक-दोघांनी त्या वर्षी आमची मेंढरं रानात बसवली नाहीत. पण चार जण आपल्या मेंढरांचं रक्त तपासायला द्यायचं म्हणून विचारायला आले, आणि त्यांच्याशी मालकच छाती काढून बोलत होते.

आता

औषधांचे आठवडे लांब वाटतात. बरं वाटायला लागलं की गोळी सोडावीशी वाटते. सोडू नका. सोडली की हा ताप परत येतो. माझ्या गोळ्या संपल्यावर एका संध्याकाळी अंग तापलं आणि मी रडवेली होऊन थर्मामीटर घेऊन बसले. साधं पडसं होतं. अजूनही घाम आला की मन कचरतं, पण मी आता खुरपणीला जाते, वाकते, उठते.

मेंढी अडली की मी हातभर लांबीचे रबरी हातमोजे घालते. पोरं मला सर्जन म्हणतात. कोकराला फुंकर मारत नाही; त्याचं नाक फडक्यानं पुसून बरगड्या चोळते, तेवढ्यानं बहुतेक कोकरं श्वास घेतात. पडलेलं कोकरू आणि वार कुत्र्यांपुढं टाकत नाही. खोल खड्डा घेऊन, चुना घालून पुरतो. गरोदर बाईला वाड्यात जाऊ देत नाही. दूध उकळी आल्याशिवाय घरात कुणाच्या ओठाला लागत नाही. शेळ्यांच्या कासा धडधाकट आहेत. आणि ज्याला असा येता-जाता ताप आहे त्यानं डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगावं, की माझ्या घरात जनावरं आहेत.

पूजा बाळंतपणाला कोरेगावला गेली. मुलगी झाली. आत्ती आणि मी बघायला गेलो. पूजाच्या आईनं बाळंतिणीसाठी दुधाचा पेला आणला, तर आत्तींनी तिला वाटेतच अडवलं.

"उकळी आल्ती न्हवं?"

"आवं, आमच्यात पिशवीचं दूद आसतं," विहीणबाई जरा दुखावल्या.

"तरी बी," आत्ती म्हणाल्या.

विहीणबाई पेला घेऊन परत स्वयंपाकघरात गेल्या. पूजा तोंडावर पदर घेऊन हसत होती. मी पोरगी उचलून आत्तींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दुपट्याची गाठ सोडली, तिचे पाय बघितले, हाताची बोटं उघडून बघितली, पोटावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"ही ऱ्हायली गं," त्या मला म्हणाल्या.